मोझार्टचे हरवलेले चार स्वर

ताज्या भागाचा हा लेखी मजकूर, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघातल्या काही गोष्टी तशाच ठेवल्या आहेत, सांभाळून घ्या.

आज सुरुवात एका कबुलीने करतो. मागे एका भागात मी एक वाक्य बोलून गेलो होतो. विषय होता युरोपातल्या त्या कलाकारांचा, जे अठराव्या शतकातलं संगीत अठराव्या शतकातल्याच धर्तीच्या वाद्यांवर वाजवतात. मी म्हणालो होतो, "हा थोडा हौशी हट्ट आहे. वाद्यं सुधारली, ती का सुधारली याला कारणं होती. आज कुणी बैलगाडीने पुण्याहून मुंबईला जातं का?" वाक्य टाळीचं होतं. मला स्वतःलाच ते फार आवडलं होतं.

त्यावर एका ज्येष्ठ श्रोत्यांचं पत्र आलं. गृहस्थांनी उभं आयुष्य लग्नाच्या नि मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात घालवलेलं. त्यांनी लिहिलं होतं, "मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट शंभरदा ऐकलंय म्हणता. ते ज्या वाद्यासाठी लिहिलं, त्या वाद्यावर एकदा ऐका. मग बैलगाडीचं बोलू."

आता मला वाटत होतं की क्लॅरिनेटसाठीची रचना क्लॅरिनेटवरच तर ऐकलीय. यात आणखी काय असणार? पण पत्र डोक्यात राहिलं. आणि गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त व्हिएन्नाला गेलो असताना एका छोट्या हॉलमध्ये नेमकी हीच रचना, जुन्या धर्तीच्या वाद्यांवर, असा कार्यक्रम होता. तिकीट काढलं.

खोलीतलं संगीत

चेंबर म्युझिक म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत. आपल्या बैठकीशी त्याचं जवळचं नातं आहे. चार-पाच वादक, समोर थोडे श्रोते, मधे कंडक्टर नाही. एकमेकांच्या श्वासावर, मानेच्या हालचालीवर सगळं चालतं.

इथे पाच जण होते. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि क्लॅरिनेट. चेलोला खाली टेकवायचा लोखंडी दांडा नव्हता. वादकाने तो दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरला होता. व्हायोलिनवर हनुवटी टेकवायची पट्टी नव्हती, कारण ती निघालीच मुळी 1820 च्या सुमाराला. तारा पोलादी नव्हत्या. मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या, म्हणजे आपल्याकडे सारंगीला लावतात तशा ताती. हॉलमधली हवा माणसांच्या श्वासाने जरा दमट झाली की ताती उतरायच्या, आणि प्रत्येक भागानंतर पाचही जण पुन्हा सूर जुळवायचे. सारंगीच्या साथीचे कार्यक्रम ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

सूरही आजच्यापेक्षा खाली. आज जगभर मधल्या सप्तकातला 'ए' हा स्वर 440 हर्ट्झला लावायचा असा संकेत आहे. ही मंडळी मोझार्टच्या काळातल्या रचनांसाठी साधारण 430 घेतात. पेटीची एक पट्टी धरली तर तिच्या अर्ध्यापेक्षाही थोडं कमीच अंतर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आवाजातला ताण कमी होतो.

आणि क्लॅरिनेट! आपल्या डोळ्यांसमोर असतं ते काळं, चंदेरी चाव्यांनी भरलेलं वाद्य. हे होतं पिवळसर बॉक्सवूडचं, मोजक्या चाव्यांचं, नेहमीपेक्षा लांब. त्याचं खालचं टोक सरळ न जाता काटकोनात वळलेलं, आणि शेवटी एक गोल फुगीर भोपळा. मला आधी वाटलं, हे वाद्य कुठेतरी आपटलंय.

[इथे पहिल्या भागाच्या सुरुवातीचा तुकडा वाजवला आहे]

22 डिसेंबर 1789

आता जरा मागे जाऊ. ही रचना मोझार्टने पूर्ण केल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या हस्तलिखित यादीत आहे. 29 सप्टेंबर 1789. ते वर्ष त्याच्यासाठी वाईट होतं. उन्हाळ्यात बायको कॉन्स्टान्झे आजारी, औषधपाण्याचा खर्च, आणि मोझार्ट आपला मित्र, व्यापारी मिखाएल पुखबर्ग याला कर्जासाठी पत्रांवर पत्रं लिहितोय. ही पत्रं वाचवत नाहीत, इतकी अगतिक आहेत. 16 नोव्हेंबरला मुलगी झाली आणि त्याच दिवशी गेली. त्यानंतर पाच आठवड्यांनी, 22 डिसेंबरला, हे क्विंटेट व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं.

कार्यक्रम कसला होता? व्हिएन्नातल्या संगीतकारांची एक संस्था होती, 1771 मध्ये स्थापन झालेली, वादकांच्या विधवा आणि अनाथ मुलांना मदत करणारी. तिच्या मदतनिधीचा हा जलसा. मुख्य आकर्षण विन्चेन्झो रिघिनी या संगीतकाराची एक मोठी गायनरचना, आणि तिच्या दोन भागांच्या मधे हे क्विंटेट. म्हणजे आज जगभर ज्या रचनेसाठी लोक तिकिटं काढतात, ती तेव्हा मध्यंतरातली होती.

इथे एक गोष्ट मला फार बोचते. मोझार्टने 1785 मध्ये याच संस्थेत सभासद होण्यासाठी अर्ज केला होता. नियमाप्रमाणे जन्माचा दाखला जोडायचा होता. तो त्याने काही दिला नाही आणि अर्ज तसाच राहिला. त्या संस्थेसाठी तो वाजवत राहिला, आपल्या रचना देत राहिला. पण 5 डिसेंबर 1791 ला पस्तिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा विधवांसाठीच्या त्या निधीवर त्याच्या विधवेचा हक्क नव्हता. पुढे बादशहाकडे अर्ज करून तिने मोझार्टच्या पगाराच्या एक तृतीयांश, वर्षाला 266 गुल्डनच्या आसपास निवृत्तिवेतन मिळवलं. एका दाखल्याची गोष्ट. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ही कळेल.

श्टाडलर

क्लॅरिनेटवर होता आंटोन श्टाडलर. दरबारातला वादक, मोझार्टपेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठा, त्याचा दोस्त. मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेची यादी झाली, त्यात श्टाडलरकडून येणं असलेले 500 गुल्डन नोंदले आहेत, वसूल न होणारी रक्कम म्हणून. दरबारातून मोझार्टला वर्षाला मिळायचे 800. म्हणजे जो माणूस स्वतः उसने मागत फिरत होता, त्याने एका मित्राला जवळजवळ साडेसात महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम दिली होती, तीही तारणाशिवाय.

पण श्टाडलरला क्लॅरिनेटच्या खालच्या, भरीव स्वरांचं वेड होतं. व्हिएन्नातला वाद्य बनवणारा थिओडोर लोट्झ याच्याकडून त्याने एक नवं क्लॅरिनेट तयार करून घेतलं. 1788 च्या त्याच्या एका जलशाच्या जाहिरातीत म्हटलंय की या वाद्याला नेहमीपेक्षा दोन स्वर जास्त आहेत. पुढे चारही आले.

हे चार स्वर म्हणजे काय, ते आपल्या पद्धतीने सांगतो, कारण मला स्वतःला ते तसंच कळलं. मोझार्टच्या या क्विंटेटचा 'सा' ज्या पट्टीत आहे, त्या पट्टीत साधं क्लॅरिनेट खाली खाली गेलं तर कुठे थांबतं? शुद्ध गंधारावर. त्याच्या खाली भोकच नाही, वाद्य संपलं. म्हणजे तुम्ही खर्जात उतरताय, प, म, ग, आणि आता रे घेऊन सा वर टेकणार, तर पायरीच नाही! श्टाडलरच्या वाद्यातले ते चार जादा स्वर म्हणजे नेमके कोमल गंधार, शुद्ध रिषभ, कोमल रिषभ आणि खर्जातला षड्ज. पेटीवर मोजा, काळ्या-पांढऱ्या धरून चार पट्ट्या.

आता कळलं ना त्या लांब नळीचं प्रयोजन? ती चमत्कृतीसाठी नव्हती. वाद्याला घरी परत येता यावं म्हणून होती.

मोझार्टने याच वाद्यासाठी दोन वर्षांनी कॉन्चेर्टोही लिहिला. ऑक्टोबर 1791 मधलं त्याचं बायकोला लिहिलेलं पत्र आहे. ती बाडेनला गेलेली. तो सांगतो, तू गेल्यावर बिलियर्ड खेळलो, घोडा चौदा डुकाटला विकला, काळी कॉफी मागवली, झकास पाइप ओढला आणि श्टाडलरच्या रचनेचा शेवटचा भाग जवळजवळ सगळा वाद्यवृंदासाठी लिहून काढला. इतकं मजेत लिहिलेलं पत्र. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तो गेला.

पेटी चोरीला गेली, की गहाण पडली?

श्टाडलर पाचेक वर्षं युरोपभर दौऱ्यावर होता. मोझार्टची काही मूळ हस्तलिखितं त्याच्याकडे होती. 1800 मध्ये कॉन्स्टान्झे प्रकाशक आन्द्रेला लिहिते की असल्या रचनांबद्दल थोरल्या श्टाडलरला विचारा. तो म्हणतो, जर्मनीत असताना सामानाची पेटी चोरीला गेली, त्यात सगळं होतं. पण लोक मला सांगतात की ती पेटी त्याने 73 डुकाटला गहाण टाकली.

खरं काय, देव जाणे. या पत्रात मला एका बाईचा थकवा दिसतो. नवरा गेला, त्याचे पैसे बुडाले, आणि आता त्याचे कागदही त्याच मित्राच्या पेटीतून नाहीसे झालेत. तक्रारीचा एक शब्द न काढता ती नुसत्या दोन बाजू मांडते.

क्विंटेट आणि कॉन्चेर्टो, दोन्हींची पूर्ण मूळ हस्तलिखितं आजपर्यंत सापडलेली नाहीत. 1801-02 च्या सुमाराला दोन्ही रचना छापल्या गेल्या. पण श्टाडलरसारखं वाद्य कुणाकडे होतं? प्रकाशकाला प्रती खपवायच्या होत्या. मग साध्या क्लॅरिनेटला जमेल असा पाठ तयार झाला. जिथे सूर गंधाराच्या खाली जायचा, तिथे तो उचलून वरच्या सप्तकात ठेवला. लोट्झ 1792 मध्येच वारला होता. श्टाडलर 1812 मध्ये गेला. त्याचं वाद्यही कुठे गेलं, पत्ता नाही.

आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं सगळं जग तो बदललेला पाठ मोझार्टचा म्हणून वाजवत राहिलं. मीही तोच शंभरदा ऐकला होता.

माग

गंमत म्हणजे चोरी त्याच वेळी उघडकीला आली होती. 1802 मध्ये लाइपझिगच्या एका संगीत नियतकालिकात कॉन्चेर्टोच्या छापील प्रतीचं परीक्षण आलं. परीक्षकाने स्पष्ट लिहिलं की मोझार्टने हे खालच्या 'सी'पर्यंत जाणाऱ्या क्लॅरिनेटसाठी लिहिलं होतं, आणि कुठे कुठे बदल केलेत त्या जागाही दाखवल्या. त्याचं म्हणणं असं की बदललेला पाठ सोयीचा आहे, मान्य. पण मूळ स्वरही सोबत छापायला हवे होते. किती रास्त मागणी! पण ते परीक्षण जुन्या अंकात पडून राहिलं.

दुसरा धागा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरमध्ये. कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाचा एक अपुरा मसुदा तिथे आहे, मोझार्टच्या हातचा, 199 मात्रागटांचा. तो सुरुवातीला वेगळ्या पट्टीत, बॅसेट हॉर्न नावाच्या भावंड-वाद्यासाठी आहे. शेवटाकडे तो पट्टी बदलतो. आणि तिथे साध्या क्लॅरिनेटवर नसलेले खालचे स्वर शाईने लिहिलेले दिसतात.

तिसरा धागा माझा सगळ्यात आवडता, कारण तो निव्वळ कानाचा आहे. 1948 मध्ये जॉर्ज डेझली नावाच्या इंग्रज अभ्यासकाने कॉन्चेर्टोतल्या काही विचित्र उड्यांवर बोट ठेवलं. सूर छान उतरत उतरत येतो आणि मधेच, काही कारण नसताना, टुणकन वरच्या सप्तकात जातो. मोझार्ट असं करेल? गवयाने अवरोहात येऊन ग वर टेकायच्या आधी एकदम तार सप्तकात झेप घ्यावी, तसं ते. डेझलीचं म्हणणं, ही उडी मोझार्टची नाही, इथे काहीतरी कापलंय. खाली आणखी स्वर असलेल्या वाद्यासाठी हे लिहिलंय. प्रागमध्ये यिर्झी क्रातोखविल हाही याच मागावर होता. 'बॅसेट क्लॅरिनेट' हे नाव त्यानेच रूढ केलं, आणि 1951 मध्ये प्रागला नव्याने बनवलेल्या अशा वाद्यावर कॉन्चेर्टो वाजवलाही गेला.

पण मूळ वाद्य दिसायचं कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं. नवी वाद्यं म्हणजे साध्या क्लॅरिनेटलाच खाली सरळ तुकडा जोडलेला.

आणि मग 1992. अमेरिकन अभ्यासक पामेला पुलिन यांना लाटव्हियाची राजधानी रीगा इथल्या ग्रंथालयात श्टाडलरच्या 1794 मधल्या जलशांची छापील कार्यक्रमपत्रकं मिळाली. कार्यक्रमपत्रिका म्हणजे काय हो, कार्यक्रम संपला की खुर्चीखाली टाकायचा कागद. त्यावर श्टाडलरच्या वाद्याचं कोरीव चित्र छापलेलं होतं. लांब नळी, काटकोनात वळलेलं टोक, शेवटी भोपळा.

म्हणजे मी त्या संध्याकाळी ज्याला आपटलेलं वाद्य समजलो होतो, ते त्या कागदावरून उभं राहिलेलं होतं. एरिक होप्रिच यांच्यासारख्या, स्वतः वाद्य घडवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या मंडळींनी त्या चित्रावरून प्रतिकृती केल्या.

मग फरक काय पडला?

त्या हॉलमध्ये मला काय ऐकू आलं, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, आवाजाचा तोल. पोलादी तारांची व्हायोलिनं आणि आजचं काळं क्लॅरिनेट एकत्र वाजतं तेव्हा क्लॅरिनेट पाहुण्यासारखं वेगळं बसतं. इथे ताती आणि बॉक्सवूड यांचा पोत इतका जवळचा होता की दुसऱ्या भागात, जिथे व्हायोलिन-व्हिओला-चेलो आवाज दबवून वाजवतात, तिथे क्लॅरिनेट त्यांच्यातूनच उगवल्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट, स्वर सारखे नव्हते. कमी चाव्यांच्या क्लॅरिनेटवर काही स्वर बोटांच्या आडव्यातिडव्या रचनेने काढावे लागतात. ते जरा झाकलेले, दबके येतात, तर शेजारचा स्वर मोकळा. नव्या वाद्याने हा दोष काढून टाकला. पण मोझार्टला हा दोष माहीत होता, आणि ऐकताना सारखं जाणवत होतं की कुठला स्वर मोकळा येईल नि कुठला झाकलेला, याचा हिशेब त्याने केलेला आहे.

आणि तिसरी गोष्ट ते चार स्वर. पहिल्या भागात क्लॅरिनेट एका लयीत वरून खाली उतरतं. माझा कान सवयीने त्या उडीसाठी तयार होता. उडी आलीच नाही. सूर खाली गेला, आणखी खाली गेला आणि खर्जातल्या सा वर जाऊन टेकला. लाकडी, जरा खरखरीत, पण पक्का. शंभर वेळा ऐकलेली ओळ मी तेव्हा पहिल्यांदा पुरी ऐकली.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायलाच हवी, नाहीतर पुन्हा एखादं टाळीचं वाक्य बोलून जायचो. हे 'मूळ' नाही. चित्रावरून वाद्याचा बाहेरचा आकार कळतो, आतल्या पोकळीची मापं कळत नाहीत. हस्तलिखित नसल्यामुळे नेमका कुठला स्वर खाली न्यायचा, याचे निर्णय अभ्यासकांनी आणि वादकांनी विचार करून घेतलेले आहेत, आणि ते सगळ्यांचे सारखे नाहीत. दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा, फरक सापडतील.

म्हणूनच मी माझं बैलगाडीचं वाक्य परत घेतोय. मला वाटत होतं, ही मंडळी सुधारलेल्या वाद्यांकडे पाठ फिरवून मागे चालली आहेत. प्रत्यक्षात ती एक वाक्य पुरं करतायत, जे एका प्रकाशकाने दोनशे वर्षांपूर्वी सोयीसाठी मधेच तोडलं होतं. वाद्य नवं आलं की काहीतरी मिळतं, हे खरंच. पण काय गेलं ते कळायला कुणीतरी जुनं वाद्य पुन्हा हातात घ्यावं लागतं. नाहीतर गेलंय हेच कळत नाही, आणि मग आपण त्या टुणकन उडीलाच मोझार्टची शैली म्हणतो.

घरी आल्यावर त्या बँडवाल्या काकांना बॅसेट क्लॅरिनेटवरच्या ध्वनिमुद्रणाची लिंक पाठवली आणि सोबत माफीही मागितली. मला वाटलं, आता ते काहीतरी भारदस्त लिहितील. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. "त्या खालच्या चार चाव्या दाबायच्या कशाने? बोटं तर सगळी आधीच अडकलेली."

उजव्या हाताच्या अंगठ्याने, काका. तोच अंगठा, ज्यावर सगळ्या वाद्याचं वजनही तोलायचं असतं. श्टाडलरचे 500 गुल्डन मी माफ करत नाही, पण त्या अंगठ्याला मात्र सलाम.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. क्विंटेटचा पहिला भाग एकदा साध्या क्लॅरिनेटवर ऐका, एकदा बॅसेट क्लॅरिनेटवर. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज येत नाही. तुम्हाला पहिला फरक कुठे ऐकू आला, ते कळवा. पुढच्या भागात भेटू.